पिकअपच्या एंजिनास टर्बोचार्जर जोडावा काय ?

गेल्या आंब्याच्या हंगामानंतर आमच्या कित्येक वाचकबंधूंनीं आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारला आहे. घरीं जुनी डिझेल पिकअप आहे. एंजिन अद्याप धडधाकट आहे. परंतु भरलेली गाडी घाट चढतांना धापा टाकते. मिस्त्री म्हणतो कीं, भंगारांतून एक टर्बो आणून बसवूं, म्हणजे गाडी नवी होईल. हा सल्ला मानावा किंवा कसें ? प्रश्न वरवर पाहतां यंत्राचा दिसला, तरी त्यांत शेतकऱ्याचा हंगाम आणि भांडवल हीं दोन्ही गुंतलेलीं असतात. म्हणून त्याचा येथें जरा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम टर्बोचार्जर म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. एंजिनाची शक्ति डिझेलाच्या जळण्यांतून येते, आणि डिझेल जळण्यास हवा लागते. साधें एंजिन ही हवा पिस्टन खालीं जातांना केवळ ओढीनें घेतें. २.५ लिटरचें चार-स्ट्रोक एंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल, तर तें फार झालें तर मिनिटाला ३७५० लिटर हवा ओढूं शकेल. त्याहून अधिक नाहीं. हवेच्या मानानें डिझेल जास्त झालें कीं तें अर्धवट जळतें व काळा धूर निघतो. चुलींत लांकडें कोंबावीं आणि फुंकर मात्र घालूं नये, म्हणजे जें होतें तेंच येथें होतें.

टर्बोचार्जर ही त्या चुलीची फुंकणी होय. डिझेलांतील उष्णतेचा सुमारें एक-तृतीयांश भाग धुराबरोबर बाहेर फुकट जातो. त्या तप्त धुराच्या झोतानें एक लहान चक्र फिरतें, व त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचें चक्र बाहेरील हवा दाबून एंजिनांत भरतें. लहान टर्बोचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे करतो आणि एंजिनाच्याच ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ही युक्ति नवी नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनिअरानें १९०५ सालीं तिचें पेटंट मिळविलें. १९३८ मध्यें सॉरर या स्विस कारखान्यानें ती मालमोटारीस लाविली. आणि १९६१ मध्यें अमेरिकेंतील अ‍ॅलिस-चामर्स कारखान्याचा डी-१९ हा डिझेल ट्रॅक्टर टर्बोसह शेतांत उतरला.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. टर्बो हवा देतो, शक्ति देत नाहीं. पंपांतून येणारें डिझेल होतें तेवढेंच ठेविलें, तर धूर कमी होईल, ज्वलन स्वच्छ होईल, घाटमाथ्यावरील विरळ हवेंतही एंजिन गुदमरणार नाहीं. परंतु जोर थोडकाच वाढेल. खरा जोर पाहिजे असेल तर डिझेल वाढवावें लागतें. डिझेल वाढलें कीं उष्णता वाढते, सिलिंडरांतील दाब वाढतो, आणि तो भार पिस्टन, त्याची पिन, बेअरिंगें, हेड गॅस्केट व रेडिएटर या सर्वांवर पडतो. हे भाग मूळच्या बेताचेच राहिले आणि भार मात्र वाढला, तर काय होईल हें सांगावयास ज्योतिषी नको.

या बाबतींत अमेरिकेंतील एक उदाहरण फार बोधप्रद आहे. फोर्डच्या मोठ्या पिकअप गाड्यांस १९८३ पासून इंटरनॅशनल कंपनीचें ६.९ लिटरचें, व पुढें १९८८ पासून ७.३ लिटरचें साधें डिझेल एंजिन मिळत असे. तेथील शेतकरी व माल वाहणारे लोक त्यास बाहेरचे टर्बो-संच बसवीत. पुढें १९९३ मध्यें कारखान्यानेंच टर्बोसह एंजिन विकावयास काढलें. तेव्हां त्यानें काय केलें ? नुसता टर्बो जोडला नाहीं. पिस्टन बदलले व त्यांच्या पिना अधिक जाड केल्या. आणि एवढें करूनही नोंदलेली अश्वशक्ति १८५ वरून १९० पर्यंतच नेली. ज्यानें एंजिन घडविलें तोच जर इतक्या जपून पाऊल टाकतो, तर आपण भंगाराच्या टर्बोवर दुप्पट जोराची अपेक्षा धरावी काय ?

आमच्याच एका सभासद-मित्राचा अनुभव येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. त्यांनीं जुन्या पिकअपला वापरलेला टर्बो बसवून घेतला. पहिला महिना मोठ्या आनंदांत गेला. आंबा घाटांत जेथें दुसरा गिअर लागे, तेथें गाडी तिसऱ्यावर चढूं लागली. मग मोह वाढला, आणि पंपाचा स्क्रू आणखी थोडा फिरविण्यांत आला. मे महिन्यांतील एका दुपारीं हापूसच्या साठ पेट्या घेऊन ते कोल्हापूरच्या बाजारास निघाले. अर्ध्या चढावर कांटा तांबड्या रेघेवर गेला; तरी “माथा जवळच आहे” म्हणून त्यांनीं गाडी तशीच रेटली. माथ्यावर येतां येतां एंजिन खडखडलें व बंद पडलें. उघडून पाहतां तिसऱ्या पिस्टनचा माथा वितळून भोंक पडलें होतें. दुसरी गाडी मिळून पेट्या बाजारांत पोंचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला, भाव उतरला होता, आणि खालच्या थरांतील फळ डागाळलें होतें. ते आम्हांस म्हणाले, “एंजिनाचें दुःख नाहीं हो, वर्षाची राखण एका चढावर गेली.” दोष एकट्या मिस्त्रीचा नव्हता. गाडींत धुराची उष्णता दाखविणारें मापकच नव्हतें. पाण्याचा कांटा बोलला तेव्हां फार उशीर झाला होता.

तेव्हां ज्यांस हें काम करावयाचेंच आहे, त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. पहिल्यानें एंजिनाचें कॉम्प्रेशन तपासून घ्यावें. ऑइल खाणाऱ्या एंजिनास टर्बो म्हणजे म्हाताऱ्या बैलास नवा पराणा. टर्बो एंजिनाच्या मापाचा असावा. फार मोठा असेल तर घाटांत कमी फेऱ्यांवर तो जागाच होत नाहीं. त्यास ऑइल पुरविणारी नळी स्वच्छ असावी, व ऑइल परत नेणारी नळी रुंद आणि सरळ उताराची असावी. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर बसवावा. टर्बोपूर्वीं धुराची उष्णता मोजणारें मापक अवश्य लावावें. दीर्घ चढावर सुमारें ७०० अंश सेंटिग्रेडच्या वर ती जाऊं लागली कीं पाय सैल करून खालचा गिअर घ्यावा. एअर क्लिनर स्वच्छ ठेवावा आणि ऑइल लवकर बदलावें. घाट चढून आल्यावर एंजिन एकदम बंद करूं नये. एक-दोन मिनिटें मंद चालूं द्यावें, नाहीं तर तापलेल्या टर्बोंतील ऑइल करपून दांडा धरतो.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं जुळणार नाहीं असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें अशा बेकायदा प्रत्येक फेरफारास ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत. अपघात झाल्यास विमा कंपनीही या फेरफारावर बोट ठेवूं शकते. म्हणून हत्याराला हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत लेखी विचारणा करावी. पुढील काम त्यांच्या उत्तरावरच ठरवावें.

शेवटीं आमचें मत स्पष्ट सांगतों. पुष्कळशा जुन्या गाड्यांचा गेलेला जोर हा टर्बोच्या अभावीं गेलेला नसतो. तो कोंदलेल्या एअर क्लिनरनें, झिजलेल्या नॉझलनें, चुकलेल्या पंप-टायमिंगनें व घसरणाऱ्या क्लचनें गेलेला असतो. आधीं तें सर्व नीट करून घ्यावें, आणि पासिंगइतकाच माल भरावा. एवढें करूनही नित्य घाटाचीच वाट असेल, तर टर्बो कारखान्यांतूनच बसून आलेली गाडी घेण्यासाठीं पैसा साठवावा. हंगाम वर्षांतून एकदांच येतो, आणि बाजार कोणाच्या गाडीसाठीं थांबत नाहीं. उशिरां का होईना, पण खात्रीनें पोंचणारी गाडी हीच शेतकऱ्याची खरी वेगवान गाडी होय.