कंपनीच्या मोजणीदाराचा शिंजीर

कराडहून चिपळूणच्या रस्त्याला लागलं की पाटणपर्यंत ऊस सोबतीला असतो. मग डोंगर अंगावर येतात, कोयनानगर मागे पडतं आणि कुंभार्ली घाटाच्या रानात एक तांबडा पक्षी दिसतो. त्याला शोधायचं तर झाडांकडे न बघता बांडगुळांकडे बघावं, असं मी नवख्यांना सांगतो. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलात त्याची वाकडी चोच बरोबर बसते. मध पिताना तो बहुतेक वेळा फांदी धरूनच असतो, आणि पिलांना मात्र कोळी-किडे भरवतो.

नराची पाठ आणि छाती गडद तांबडी, डोक्यावर हिरवी झळाळी, पोट राखाडी. चोचीपासून शेपटीपर्यंत सगळा मिळून वीतभरही नाही. आभाळ भरलेलं असलं की हाच काळा दिसतो आणि लोक त्याला बागेतला जांभळा शिंजीर म्हणून मोकळे होतात. छातीवरच्या बारीक पिवळ्या रेघा दिसल्या की वाद मिटला. मादी मळकट हिरवी. शेजारी नर आल्याशिवाय तिच्याबद्दल मी पैज लावणार नाही.

हा पश्चिमी किरमिजी शिंजीर. सह्याद्री सोडून जगात कुठेही नाही. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३२ मध्ये विल्यम हेन्री सायक्सनं केलं, आणि हा गडी पेशानं शिपाई! १७९० चा जन्म, पोरवयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत भरती, खडकीला पेशव्यांविरुद्ध लढलेला. १८२४ मध्ये मुंबई सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी जमवायला लावलं. गावं, माणसं, पिकं, धारा, पाऊस, हवेचा दाब, सगळं त्यानं मोजलं. कंपनीला हिशेब कशासाठी हवा होता, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण माणूस मोजताना झाडावरही बघत होता. त्यातून दख्खनच्या दोनशेहून जास्त पक्ष्यांची यादी झाली.

शिंजिराला त्यानं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचे पहिले चिटणीस निकोलस व्हिगर्स यांचं नाव दिलं. स्पेनच्या लढाईत जखमी झालेला हा आयरिश माणूस. कोयनानगरजवळच्या नवजाच्या ओढ्यांवर पावसाळ्यात शीळ घालणाऱ्या शीळ कस्तुराचं वर्णन आदल्याच वर्षी, १८३१ मध्ये, याच व्हिगर्सनं केलं होतं.

पुढे तज्ज्ञांनी सायक्सच्या शिंजिराचं वेगळेपण काढून घेतलं. हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या किरमिजी शिंजिराची ही एक उपजात, असं ठरलं आणि बराच काळ तसंच चाललं. पण हिमालयातल्या भावाच्या छातीवर या पिवळ्या रेघा नाहीत, आणि दोघांच्या मुलखात मोठं अंतर आहे. पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांनी २००५ च्या ग्रंथात त्याला पुन्हा स्वतंत्र मानलं. मोजणीदाराची नजर पावणेदोनशे वर्षांनी खरी ठरली, याचा मला उगाच आनंद होतो.

सायक्सनं वर्णन केलेले सगळेच पक्षी बघायला घाट चढावा लागत नाही. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेवाल्या गव्हर्नरचं नाव दिलेला मोठा राखी सातभाई शेताच्या बांधावर कलकलाट करत असतो. घराच्या कुंपणातला राखी वटवट्या त्याचाच, आणि कराडच्या प्रीतिसंगमावर पाण्याकाठी पाठ वाकवून बसलेला वंचकही.