ओटीपी कुणाच्या फोनवर?

संगमनेरच्या एका संगणक वर्गात मी शिकवते. वर्ग दोन खोल्यांचा आहे. येणाऱ्यांत बायका-मुलीच जास्त. त्यातला हा एक साधा कामाचा दिवस.

सकाळी पावणेसात

टायपिंगची बॅच. पहिल्या एसटीने आसपासच्या गावांतल्या मुली येतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि लांबच्या गावांतल्या मुलीही दिसू लागल्या. कुठल्याही जाहिरातीने आम्हाला इतक्या विद्यार्थिनी दिल्या नसत्या. सरकारी परीक्षेसाठी मिनिटाला ३० शब्दांचा सराव चालतो. बोटं झरझर चालतात, चुका कमी, शिस्त उत्तम.

मला काळजी वेगळीच आहे. घरचे टायपिंगला आनंदाने पाठवतात, कारण ते 'बसून करायचं, सुरक्षित' काम. पुढचं काही शिकायचं म्हटलं की घरात चर्चा सुरू होते. म्हणून बॅच संपायच्या आधी मी थोडा वेळ एक्सेलसाठी राखून ठेवते. दूध संकलनाचा हिशोब त्याच मुली मांडतात, सूत्रं स्वतः लिहितात. नुसत्या टायपिंगवर यांची बोळवण होऊ नये, एवढा माझा हट्ट आहे.

दुपारी बारा

ही गृहिणींची बॅच. वेळ त्यांनीच ठरवलेली: सकाळचे डबे, धुणंभांडी उरकलेली असतात आणि शाळेतून पोरं यायची असतात. या दोन तासांवर घरात कुणाचा हक्क नसतो, म्हणून ते वर्गाला मिळतात.

पहिल्या दिवशी मी संगणक सुरूच करत नाही. प्रत्येकीला स्वतःचा मोबाइल नंबर कागदावर लिहायला सांगते. निम्म्याजणी नवऱ्याचा किंवा मुलाचा लिहितात. काहींच्या हातात फोन असतो, पण सिम दिराच्या नावावर. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'चे अर्ज भरताना हे सगळं उघडं पडलं. पैसे बाईच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात येणार, अशी अट होती. खातं तिचं, आधार तिचं, पण आधारला जोडलेला नंबर भलत्याचाच. एक मावशी चाकणला कामावर असलेल्या मुलाला फोन लावायच्या, "बाळा, आला का रे नंबर?" तो मशीनवर. फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा पहिल्यापासून.

त्यामुळे आमचा पहिला धडा स्वतःच्या नावावर सिम घेण्याचा आणि आधारला तोच नंबर जोडून घेण्याचा. माउस, फाइल, फोल्डर हे सगळं त्यानंतर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३३ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं असल्याचं आढळलं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं. महाराष्ट्रात बायकांचा आकडा ३८. हे आकडे वाचून लोक लगेच म्हणतात, बायकांना शिकवायला हवं. शिकवायला हवंच, पण त्याआधी फोन हातात द्यायला हवा. दुसऱ्याच्या फोनवर कुणी सराव करत नाही. शिवाय काय पाहिलं, कुणाशी बोललं, याचा जाब द्यावा लागत असेल तर बाई नवं बटण दाबायला धजत नाही.

आज यूपीआय होतं. एकमेकींना एक-एक रुपया पाठवायचा. "पिन कधी टाकायचा?" मी विचारते. "पैसे देताना," सगळ्या एकदम. "आणि घेताना?" "नाही!" हे मी रोज घोकून घेते. 'तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणणारा माणूस चोर असतो, हे पाठ झालं की निम्मी फसवणूक दारातच थांबते. तरी फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करायचा. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे. घरी ओरडा बसेल म्हणून गप्प राहायचं नाही. पैसे परत मिळण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

केंद्राच्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात अभ्यासक्रम २० तासांचा होता. तेवढ्या वेळात बोटांना ओळख होते. भीती जायला जास्त दिवस लागतात, आणि त्यासाठी शेजारी न ओरडणारं माणूस बसलेलं लागतं.

साडेतीन

अंगणवाडी सुटल्यावर काही सेविका येतात. यांना अडाणी समजणाऱ्यांनी एकदा त्यांचा दिवस पाहावा. बालकांची वजनं, उंची, गरोदर मातांच्या नोंदी, सगळं पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते. फोन नादुरुस्त होत होते आणि अ‍ॅप इंग्रजीत होतं. सेविका तंत्रज्ञानाला घाबरतात, असं तेव्हा बोललं गेलं. ते साफ चूक होतं. जिने रोज वापरायचं तिला न विचारता बनवलेल्या साधनाविरुद्धची ती रास्त तक्रार होती. २०२५ च्या जुलैपासून घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहरा जुळवावा लागतो. रेंज नसलेल्या पाड्यावर ते कसं करायचं, हा आजचा प्रश्न. माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अ‍ॅप तयार करणाऱ्यांच्या टेबलावर एक जरी सेविका बसली असती तर तो आधीच विचारला गेला असता.

सायंकाळी पाच

पायथॉनची बॅच, मुलं-मुली एकत्र. दोघांत एक संगणक दिला की मुलगा कीबोर्डवर आणि मुलगी वहीत उतरवून घेते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता नियमच केलाय: पहिला अर्धा तास कीबोर्ड मुलीकडे. कॅबिनेट उघडून रॅम बदलायचं कामही मुलीच करतात. १९४०च्या दशकातल्या एनिॲक या अमेरिकन संगणकाच्या पहिल्या प्रोग्रॅमर सहा बायका होत्या, हे मी दर बॅचला सांगते. तेव्हा ते काम कारकुनी समजलं जाई, म्हणून बायकांकडे आलं. त्याला मान आणि पैसा मिळू लागला तसे त्यात पुरुष वाढत गेले.

आज एका मुलीचे वडील आले होते. "मॅडम, पोरगी हुशार हाये. पण पुण्याला एकटी कशी ठेवायची?" २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना राज्यात व्यावसायिक पदवीची फी माफ आहे, हे त्यांना माहीत होतं. अडलं होतं राहण्याच्या खर्चावर आणि भावकी काय म्हणेल यावर. खर्चासाठी वसतिगृहांची यादी दिली. भावकीसाठी एकच विचारलं, "मुलगा असता तर विचारलं असतंत का, भाऊ?" ते बराच वेळ बसले. रविवारी मुलीला घेऊन वसतिगृह बघायला जातो म्हणाले.

रात्री साडेआठ

जुन्या विद्यार्थिनीचा फोन. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. बाळंतपणाच्या रजेवरून परतली तर तिचा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेलेला, ती बेंचवर, म्हणजे कामाविना बसून. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोयही बंधनकारक झाली. रजा कायद्याने दिली, पण परत आल्यावर हातात काम काय मिळेल हे साहेबाच्या मर्जीवर राहिलं. मी तिला सांगितलं, सगळं लेखी माग, आणि नोकरी सोडण्याचा निर्णय या महिन्यात घेऊ नकोस.

तुम्ही कुठे माणसं नेमत असाल तर मुलाखतीत मुलीला लग्न कधी, मूल कधी, हे विचारू नका; रजेवरून परतलेल्या बाईला तिचं आधीचं काम द्या. आणि नेमत नसाल तरी आज घरातल्या बाईच्या आधारला कुणाचा नंबर जोडलाय तेवढं बघा. तिचा नसेल तर या आठवड्यात बदलून घ्या.