केंड माशाचा सांभाळ

दुकानांतील कोंदट बरणींतून सोडविलेला केंड मासा घरीं जगवावयाचा, तर प्रथम त्याचें पाणी ओळखावें. केरळच्या नद्यांतील जेमतेम ३ सेंटिमीटरचा केंड गोड्या पाण्याचा. कोंकणांत जाळीं कुरतडणारे त्याचे भाऊबंद खाऱ्या पाण्याचे.

दुसरी गोष्ट दातांची. चोंचीसारखे जुळलेले त्याचे चार दात जन्मभर वाढतात. शंखासकट लहान गोगलगाई खावयास दिल्यास ते झिजतात. एरव्हीं घांस घेतां येईनासा होऊन मासा अन्न समोर असतां उपाशीं मरतो.

केंड फुगतो तो भयानें. मौजेखातर त्यास फुगवूं नये. पाण्याबाहेर तो हवा गिळतो व ती बाहेर न पडल्यास दगावतो. म्हणून त्यास वाटींत पाण्यासकटच उचलावें. बरा झाला तरी परक्या नदींत सोडूं नये. तेथील माशांत रोग पसरूं शकतो.