स्पायडरमॅनचे कोणते अंक वाचावेत? (पालक व शिक्षकांसाठी)



पालकसभा संपली की विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. अक्षर कधी सुधारणार, पाढे कधी पाठ होणार, मोबाईल कसा सोडवायचा. मागच्या सभेत मात्र एका वडिलांनी वेगळंच विचारलं. "बाई, पोराला स्पायडरमॅनचं भलतंच वेड आहे. दप्तर स्पायडरमॅन, डबा स्पायडरमॅन. म्हटलं या वाढदिवसाला पुस्तकच घेऊन देऊ, तेवढंच वाचन होईल. पण दुकानात गेलो तर ढीगच. त्यातलं घ्यायचं कुठलं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. 'द अमेझिंग स्पायडरमॅन' ही मुख्य मालिका १९६३ साली सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिने ९०० अंकांचा टप्पा ओलांडला. त्याशिवाय इतर मालिका वेगळ्याच. वर क्रमांकांचा घोळ असा, की १९९८ मध्ये ४४१ वर पोचलेली मालिका १९९९ मध्ये पुन्हा १ पासून सुरू केली, २००३ मध्ये जुना हिशोब जुळवून एकदम ५०० क्रमांक टाकला, आणि पुढे परत कितीतरी वेळा १ पासून सुरुवात झाली. त्यामुळे मुखपृष्ठावर 'अंक १' दिसला म्हणून तो पहिला असं समजू नका. अंकाबरोबर साल पाहायची सवय लावून घ्या.

दुसरी अडचण याद्यांची. 'हे अंक हवेतच' अशा याद्या बहुतेक संग्राहकांनी केलेल्या असतात. त्यांचा हिशोब वेगळा असतो. १२९ व्या अंकात पनिशर पहिल्यांदा येतो, ३०० व्या अंकात व्हेनम पुरता प्रकट होतो, म्हणून त्या अंकांना भाव. मुलाच्या हातात द्यायच्या पुस्तकाला हे माप लावून चालत नाही. मी एक साधं माप लावते. नायकाचा मुखवटा काढून बाजूला ठेवला, तरी गोष्ट शिल्लक राहते का? ज्या अंकांत राहते, त्यांच्याबद्दलच पुढे लिहिलं आहे.

सुरुवात अर्थातच 'अमेझिंग फॅन्टसी' अंक १५, ऑगस्ट १९६२. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. स्पायडरमॅनचा जन्म इथे झाला, आणि गंमत म्हणजे हे नियतकालिक याच अंकानंतर बंद पडलं. किंमत होती १२ सेंट. याच अंकाची एक उत्तम स्थितीतली प्रत २०२१ मध्ये लिलावात ३६ लाख डॉलरला गेली! आपल्याला अर्थात ती घ्यायची नाही, पुनर्मुद्रण पुष्कळ आहे. गोष्ट जेमतेम ११ पानांची. पीटर पार्कर हा शाळेत चेष्टेचा विषय झालेला हुशार मुलगा. किरणोत्सारी कोळी चावल्यावर त्याला शक्ती मिळते आणि तो ती पैसे कमावायला वापरतो. समोरून चोर पळत जातो, याला अडवणं सहज शक्य असतं, पण हा म्हणतो, मला काय त्याचं. पुढे तोच चोर त्याच्या बेनकाकांचा खून करतो.

शक्तीबरोबर जबाबदारी येते हे प्रसिद्ध वाक्य बेनकाका पीटरला सांगतात, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मूळ अंकात ते काकांच्या तोंडी नाही. शेवटच्या चौकटीत निवेदक ते म्हणतो, तेही काका गेल्यावर. काकांच्या तोंडी ते नंतर घातलं गेलं. वर्गात मी मुलांना विचारते, वाक्य कोणी म्हटलं याने काय फरक पडतो? काकांनी आधी बजावलं असतं तर पीटरने सांगितलेलं ऐकलं नाही, एवढाच अर्थ उरला असता. इथे त्याला आधी कोणीच काही सांगितलेलं नाही. जे कळायचं ते त्याला काका गेल्यावर स्वतःचं स्वतः कळतं. सहावी-सातवीची मुलं यावर तावातावाने भांडतात, अनुभव घेऊन बघा.

यानंतर थेट अंक ३१ ते ३३ (डिसेंबर १९६५ ते फेब्रुवारी १९६६) वाचावेत. मेकाकू दवाखान्यात आहे. कारण असं, की पूर्वी पीटरनेच तिला रक्त दिलं होतं आणि त्याच्या रक्तातला किरणोत्सार आता तिच्या जिवावर उठलाय. म्हणजे प्रेमाने केलेली मदतच उलटली. औषध हाताच्या अंतरावर पडलंय आणि हा प्रचंड यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय. ३३ व्या अंकाची पहिली पाच पानं नुसती ते यंत्र उचलण्यात जातात. चित्रकलेच्या शिक्षकांनी ही पानं जरूर पाहावीत. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात आणि शेवटी यंत्र वर जातं तेव्हा अख्खं पान एकाच चित्राला दिलेलं आहे. श्वास रोखून धरावा आणि एकदम सोडावा, तसं होतं वाचताना. इतकी वर्षं झाली, पण माझ्या मते या मालिकेत याहून चांगली पाच पानं नाहीत. डिटको यांनी पुढे ३८ व्या अंकानंतर मालिका सोडली.

त्यांच्या जागी जॉन रोमिटा आले. त्यांच्या काळातला ५० वा अंक (जुलै १९६७) घ्या. पीटर सगळ्याला वैतागतो, पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. २००४ च्या चित्रपटात हे दृश्य जवळजवळ जसंच्या तसं घेतलंय. पुन्हा तो पोशाख का घालतो? एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला तो गुंडांपासून वाचवतो आणि त्याला बेनकाका आठवतात, म्हणून. बस, एवढंच. दहावीच्या वर्गावर शिकवणाऱ्या आणि जानेवारीत स्वतःच थकून गेलेल्या शिक्षकांनाही हा अंक आवडेल, असं मला उगाचच वाटतं.

९६ ते ९८ हे १९७१ चे अंक गोष्ट म्हणून मध्यम आहेत, पण त्यांची हकिकत महत्त्वाची. अमेरिकेत १९५४ पासून कॉमिक्ससाठी प्रकाशकांचीच एक आचारसंहिता होती आणि तिचा शिक्का मुखपृष्ठावर छापत. सरकारच्या आरोग्य व शिक्षण खात्याने स्टॅन ली यांना सुचवलं, की अमली पदार्थांच्या धोक्याविषयी काही लिहा. त्यांनी लिहिलं. पीटरचा मित्र हॅरी गोळ्यांच्या आहारी जातो. पण संहितेनुसार अमली पदार्थांचा उल्लेखच चालत नव्हता, मग तो धोका सांगायला का असेना! शेवटी हे तीन अंक शिक्क्याविना निघाले आणि त्याच वर्षी संहिता बदलण्यात आली. मुलांपासून एखादा विषय दडवायचा की समजावून सांगायचा, हा आपला रोजचाच प्रश्न आहे. नववीच्या पुढच्या मुलांबरोबर या अंकांवर चर्चा चांगली होते.

आता अंक १२१ (जून १९७३). लेखक जेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. खलनायक ग्रीन गॉब्लिन पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली ढकलतो. स्पायडरमॅन जाळं फेकून तिला वरच्या वर पकडतो, वर ओढून घेतो, आणि ती मेलेली असते. पकडतानाच्या चित्रात तिच्या मानेजवळ 'कट्' असा छोटा आवाज लिहिलेला आहे. वाचकांनी पत्रांचा भडिमार केला. १२५ व्या अंकाच्या पत्रव्यवहारात उत्तर आलं, की जाळ्याने एकदम थांबवल्यामुळेच ती गेली.

विज्ञानाच्या शिक्षकांनो, हा अंक तुमच्यासाठीच आहे. मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी 'द फिजिक्स ऑफ सुपरहिरोज' या पुस्तकात हे उदाहरण घेतलंय. नववीच्या 'गतीचे नियम' पाठाशी ते सरळ जुळतं. समजा ग्वेन ९० मीटर पडली. हवेचा विरोध सोडून द्या. v² = २ × ९.८ × ९० = १७६४, म्हणजे वेग ४२ मीटर प्रति सेकंद, ताशी सुमारे १५० किलोमीटर. जाळ्याने तिला अर्ध्या सेकंदात थांबवलं असं धरू. त्वरण ८४ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या साडेआठ पटींहून जास्त. वजन ५० किलो धरलं तर नुसतं थांबवायला ४२०० न्यूटन, वर तिच्या वजनाचे ४९०. ताठ जाळ्यात मान तेवढी सावरणार कशी?

मग मुलांना विचारा, तिला वाचवायचं कसं? उत्तर लगेच येतं: "बाई, क्रिकेटचा बॉल पकडताना हात मागे नेतो तसं!" बरोबर. वेळ वाढवायचा. अर्ध्याऐवजी तीन सेकंदांत थांबवलं तर त्वरण १४ वर येतं. पण तिथेच थांबू नका, अंतरही काढायला लावा. अर्ध्या सेकंदात साडेदहा मीटर लागतात, तीन सेकंदांत ६३. खाली तेवढी जागा हवी! एक मुलगा फळ्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे त्याने जाळं आधी टाकायला हवं होतं." खरंय. उशीर झाला होता, इतकंच.

हा अंक मात्र आठवीच्या आत देऊ नये. का ते सांगते, कारण माझ्याकडूनच एकदा मोठी चूक झाली आहे, दुसऱ्या एका अंकाबाबत.

अंक २४८ (जानेवारी १९८४) मध्ये रॉजर स्टर्न आणि रॉन फ्रेन्झ यांची ११ पानांची एक छोटी गोष्ट आहे. टिम हा नऊ वर्षांचा मुलगा स्पायडरमॅनची कात्रणं जमवतो. एका रात्री स्पायडरमॅन त्याच्या खोलीत येतो. दोघं गप्पा मारतात, टिम वही दाखवतो. शेवटी स्पायडरमॅन मुखवटा काढतो आणि स्वतःचं खरं नाव सांगतो. मारामारी नाही, खलनायक नाही. मला वाटलं, सहावीच्या वर्गात तोंडी मराठी करत वाचून दाखवायला हीच बरी. मी ती आधी चाळली होती, पुरती वाचली नव्हती. वर्ग अगदी रंगला होता. शेवटच्या पानावर आले तेव्हा समजलं, की ती खोली घरातली नाही, कर्करोगाच्या रुग्णालयातली आहे, आणि टिमकडे काही आठवडेच उरलेत. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या धाकट्या भावावर तेव्हा उपचार चालू होते. हे मला माहीत होतं. तरी मी वाचत शेवटापर्यंत गेले, कारण मधेच थांबावं कसं तेच सुचेना.

ती दोन दिवस शाळेत आली नाही. मी घरी गेले. तिच्या आईने चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, वाईट काही नाही केलंत. पण आधी आम्हाला सांगायचं होतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोष्ट फार चांगली आहे, मी आजही ती चांगलीच म्हणेन. पण घरात आजारपण असेल तर मुलाबरोबर बसून वाचा, आणि कोणताही अंक देताना शेवटचं पान आधी बघा.

पालकांनी स्वतःसाठी एकच अंक घ्यायचा असेल तर २००२ चा, दुसऱ्या मालिकेतला अंक ३८ घ्या. लेखक स्ट्रॅझिन्स्की, चित्रकार जॉन रोमिटा ज्युनिअर. पीटर हाच स्पायडरमॅन हे मेकाकूला कळलंय आणि जवळजवळ सगळा अंक दोघं समोरासमोर बसून बोलतात. काकांच्या मृत्यूचं ओझं पीटरने वर्षानुवर्षं एकट्याने वाहिलेलं असतं. ते तो सांगतो तेव्हा काकू म्हणते, की त्या रात्री आमचं भांडण झालं होतं, म्हणून ते बाहेर पडले, मीही इतकी वर्षं स्वतःलाच दोष देत आले. एका घरात राहून दोघांनी एकच दुःख एकमेकांपासून लपवलं. कॉमिक्समध्ये हे असं काही असतं, यावर आमच्या शिक्षककक्षात कोणाचा विश्वासच बसेना.

भारतीय स्पायडरमॅनबद्दल हमखास विचारलं जातं. २००४ मध्ये 'स्पायडरमॅन: इंडिया' चार अंकांत आला. गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला पवित्र प्रभाकर, त्याचे भीमकाका आणि मायाकाकू. कोळी चावण्याऐवजी त्याला एक योगी शक्ती देतो. गोष्ट मला बेताचीच वाटली, पण मूळ ११ पानांशेजारी ठेवून काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे शोधायला छान आहे. २०२३ च्या ज्या ॲनिमेशनपटात पवित्र दिसतो, तो भारतात मराठीतही प्रदर्शित झाला होता. त्यातला मुख्य नायक माइल्स मोरालेस पहिल्यांदा आला २०११ च्या 'अल्टिमेट फॉलआउट' अंक ४ मध्ये. मुलांना हल्ली तोच जास्त जवळचा वाटतो.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. मराठी माध्यमाच्या मुलांना साठच्या दशकातली ती शब्दबंबाळ इंग्रजी झेपत नाही, आणि खरं सांगायचं तर कधीकधी मलाही नाही. म्हणून शेवटी वर सांगितलेल्या अंकाच्या पुढचाच, दुसऱ्या मालिकेतला ३९ वा अंक सुचवते. त्यात एकही संवाद नाही, संपूर्ण अंक चित्रांतून कळतो. आमच्याकडे मुलांच्या चार-चारच्या गटांना प्रत्येकी दोन पानं दिली आणि संवाद लिहायला सांगितले. ज्या वडिलांनी तो प्रश्न विचारला होता, त्यांच्या मुलाच्या गटाने मेकाकूच्या तोंडी पहिलं वाक्य घातलं: "जेवलास का रे?"