विरजण कां फसतें? दह्याच्या जंतूंचा एक अदृश्य शत्रु

गेल्या पावसाळ्यांत आमच्या भागांतील एका लहानशा दूध-संस्थेंत ओळीनें तीन दिवस दहीं लागलें नाहीं. दूध तेंच, भांडीं तींच, विरजणहि रोजचेंच. परंतु सकाळीं पाहावें तों भांड्यांत पातळ पाणचट दूध. चालकांनीं विरजण सांभाळणाऱ्या माणसास दोषी धरून कामावरून दूर केलें. मी महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला. लिहिण्याची संवय म्हणून त्या प्रसंगाचा कागद माझ्याकडूनच लिहवून घेतला गेला, आणि त्यांत ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मींच घातला. पुढें नवा माणूस आला, तरी चौथ्या दिवशींहि दहीं लागलें नाहीं. तेव्हां मात्र त्या शब्दाची टोंचणी लागली. दुग्धविद्या शिकलेल्या एका गृहस्थांस विचारून व मिळालीं तीं पुस्तकें पाहून जें कळलें, तें सभासद बंधूंपुढें ठेवीत आहें.

दुधाचें दहीं होतें तें विरजणांतील सूक्ष्म जंतूंमुळें, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. लॅक्टोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस हीं त्यांतील दोन मुख्य कुळें. दुधांतील साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करितात व त्या आम्लानें दूध घट्ट होतें. परंतु या जंतूंनाहि रोग होतो, ही गोष्ट फारशी कोणी ऐकलेली नसते. त्यांना मारणारे विषाणु आहेत. त्यांस बॅक्टेरिओफेज किंवा नुसतें फेज म्हणतात. असे विषाणु जगांत आहेत हें इंग्लंडांत ट्वॉर्ट यांनीं १९१५ सालीं व फ्रान्सांत देरेल यांनीं १९१७ सालीं दाखविलें. दुग्धशाळेंतील त्यांचा उपद्रव मात्र न्यूझीलंडमध्यें व्हाइटहेड आणि कॉक्स यांनीं १९३५ सालीं उघडकीस आणला. तेथील चीजच्या कारखान्यांनीं मिश्र विरजण सोडून एकाच वाणाचें शुद्ध विरजण धरिलें होतें. माल एकसारखा उतरूं लागला, पण मधूनच आम्ल चढणें एकाएकीं बंद पडे. सबंध शिवारांत एकाच वाणाची ज्वारी असतां तीवर काणी पडावी, तसा हा प्रकार होता.

फेज किती लहान? एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढें त्याचें डोकें. त्याखालीं लांब शेंपूट. त्यास डोळे नाहींत, चालतां येत नाहीं. दुधांत तरंगतांना तो योगायोगानें जंतूवर आदळतो. आदळला म्हणजे चिकटलाच असें मात्र नाहीं. शंभर जातींच्या जंतूंना घासून तो तसाच पुढें जाईल, आणि एकशेएकाव्यास घट्ट धरील. ही ओळख त्यास कशी पटते, यांतच सर्व मर्म आहे.

लॅक्टोकोकस जंतूच्या अंगावर शर्करांच्या साखळ्यांचें एक पातळ वेष्टन असतें. फ्रेंच शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं अशा एका वेष्टनाची रचना उलगडली. सहा-सहा शर्करांचे गट फॉस्फेटानें एकमेकांस जोडून ती साखळी झालेली आढळली. मौज अशी कीं, कोणत्या शर्करा व कशा क्रमानें, हें वाणावाणांत वेगळें असतें. कचेरींत दस्तऐवज आला म्हणजे आम्ही मजकूर वाचण्याआधीं शिक्का पाहत असूं. फेज तेवढेंच करितो. त्याच्या शेंपटीच्या टोंकास असलेल्या प्रथिनांत बारीक खांचा असतात. त्या खांचांत शर्करा बसली तर पकड लागली, न बसली तर नाहीं.

पी-टू नांवाच्या फेजाचें हें टोंक फार बारकाईनें तपासलें गेलें आहे. त्यांत तीन-तीन प्रथिनांचे सहा जुडगे, म्हणजे अठरा पकडी असतात. एकट्या पकडीचा जोर थोडा. पण अठरा एकदम लागल्या म्हणजे सुटका कठीण. एरवीं या पकडी तोंड वर, डोक्याकडे करून मिटलेल्या असतात. कॅल्शियम मिळालें कीं त्या सुमारें २०० अंशांत फिरून खालीं, जंतूकडे वळतात. दुधांत कॅल्शियम मुबलक, त्यामुळें या चोरास हत्यार परजावयास आमच्याच घरीं सोय! टीपी-९०१-१ नांवाच्या दुसऱ्या एका फेजास चौपन्न पकडी असतात व त्या प्रथमपासूनच सज्ज असतात. सी-टू नांवाच्या जातीची रीत निराळी आहे. ती आधीं शर्करांस सैल धरिते. तेथून सुटूंहि शकते. नंतर जंतूच्या आंतील पापुद्र्यावरचें एक विशिष्ट प्रथिन सांपडलें म्हणजे मात्र कायमची चिकटते. तें प्रथिन नसलेले जंतु दुधांत नीट वाढतात आणि सी-टूस दाद देत नाहींत.

पकड लागल्यावर फेज आपलें बीजद्रव्य जंतूंत सोडतो. तासाभराच्या आंत जंतु फुटतो व त्यांतून पन्नास-शंभर किंवा अधिक नवे फेज बाहेर पडतात. अशा निवळींत एका घनसेंटिमीटरमध्यें शंभर कोटींपर्यंत फेज असूं शकतात, आणि पाश्चरायझेशनच्या उष्णतेनें ते सर्व मरत नाहींत.

पकडीचें प्रथिन बदललें तर शिकार बदलते काय? २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एका फेजाच्या पकडीचा भाग दुसऱ्यास दिला, तों तो दुसरा पहिल्याची शिकार करूं लागला. ओळख त्या भागांतच आहे याविषयीं मग शंका उरली नाहीं.

आतां आमच्या संस्थेकडे वळूं. जाणत्या गृहस्थांनीं फसलेल्या दुधाची निवळी गाळून घेतली. उकळून कोमट केलेल्या ताज्या दुधाचीं दोन भांडीं मांडून दोहोंत ती चमचा-चमचा घातली. एकांत संस्थेचें विरजण लाविलें, दुसऱ्यांत परगांवाहून आणलेलें. पहिलें लागलें नाहीं, दुसरें लागलें. म्हणजे दुधाचा दोष नव्हता. सडाच्या रोगावर जनावरास दिलेलें औषध दुधांत उतरलें असतें, तर बहुधा दोन्हीं फसलीं असतीं. ‘पण आम्ही तर दोन बाटल्या आळीपाळीनें वापरतों,’ असें चालक म्हणाले. चौकशी करितां दुसरी बाटली दोन वर्षांपूर्वीं पहिलींतूनच भरलेली निघाली. नांवें दोन, वेष्टन एक! दूर केलेला माणूस सांगितल्याप्रमाणें एक दिवसाआड बाटली बदलीत होता, तें सर्व व्यर्थ गेलें, आणि त्यांत त्याचा कांहींच अपराध नव्हता. मीं जुन्या कागदास पुरवणी लिहून चालकांकडून सही घेतली. तो माणूस आठवड्यानें परत आला.

घरचें दहीं सहसा कां फसत नाहीं, याचेंहि उत्तर यांत आहे. घरच्या विरजणांत नाना वाणांचे जंतु एकत्र नांदतात. एक वाण पडला तरी दुसऱ्याचें वेष्टन त्या फेजास ओळखीचें नसतें, तो काम पुढें नेतो. संस्थेस मात्र रोज एकच चव हवी असते, म्हणून ती निवडक वाणांवर राहते. तिनें विरजण घेतांना निरनिराळ्या नांवांच्या बाटल्या मागूं नयेत. ज्यांवर एकच फेज चालत नाहीं असे वाण मागावे व पुरवठादाराकडून तसें लिहून घ्यावें. मोठ्या दुग्धशाळांत विरजण वाढवितांना फॉस्फेट घालून कॅल्शियम बांधून ठेवण्याचीहि रीत आहे. त्यामुळें पी-टूसारख्यांच्या पकडी वळत नाहींत. लहान संस्थेस हें जमेलच असें नाहीं. पण चक्का टांगण्याची जागा विरजणाच्या खोलीपासून दूर नेणें कोणासहि जमेल. आमच्याकडे तो त्याच खोलींत, विरजणाच्या फळीपासून चार हातांवर टांगला जात असे व निवळीचे शिंतोडे सर्वत्र उडत. आतां तो मागील पडवींत टांगतात, फडकीं उकळत्या पाण्यांत काढतात, आणि चक्क्याचें काम केलेल्या माणसानें हात धुवून कपडे बदलल्यावांचून विरजणास शिवावयाचें नाहीं असा नियम भिंतीवर लाविला आहे. तो नियम त्याच माणसाच्या हस्ताक्षरांत आहे.