मालवणचे प्रवाळ : तीन तपांचा मागोवा

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि शेजारच्या पद्मगडाच्या भोवती पाण्याखाली प्रवाळांची वस्ती आहे, हे खडपात जाळे अडकले की कपाळाला हात लावणाऱ्या गाबित मच्छीमारांना पूर्वापार ठाऊक असले, तरी सरकारी दप्तराने तिला संरक्षण दिले ते १३ एप्रिल १९८७ रोजी, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे जलक्षेत्र ‘मालवण सागरी अभयारण्य’ म्हणून जाहीर करून व त्यातला तीन चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक भाग गाभा ठरवून. हुकूम निघाला, परंतु ज्यांच्या रापणीच्या जाळ्याचा आणि होडीचा त्या पाण्याशी रोजचा संबंध, त्या दर्यावर्दी रयतेला कोणी विचारले नाही, ही तक्रार मालवणात आजतागायत ऐकू येते, आणि ती मला रास्त वाटते. मुख्यतः जंगले डोळ्यांपुढे ठेवून १९७२ साली घडलेला वन्यजीव संरक्षण कायदा समुद्रावर पसरायचा, तर हद्दीचा दगड रोवावा कुठे, इथूनच अडचण सुरू होते. पुढची कित्येक वर्षे अभयारण्य बव्हंशी कागदावरच नांदले.

पालट झाला तो पर्यटनामुळे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा ठरला, पाठोपाठ कोकण रेल्वे आली, आणि सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने स्थानिक तरुण स्नॉर्केलिंग आणि पुढे स्कूबा शिकले; बापाच्या जाळ्याचा जो वैरी, तोच खडप मुलाच्या चुलीचा आधार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने चाललेल्या प्रकल्पात कालवांची आणि खेकड्यांची शेती, लहान मासळी निसटू देणारी चौकोनी आसाची जाळी, असे उपक्रमही झाले. हे सारे स्तुत्य. पण कमाईचा ओघ मात्र स्कूबाकडेच वळला.

त्या स्कूबाचे स्वरूप जवळून पाहावे. पोहता न येणारा घाटावरचा पाहुणा पाठीवर नळकांडे बांधून शिडीवरून उतरतो, वाटाड्या मागून त्याला धरून खाली नेतो, मासे जमावेत आणि छायाचित्र ऐटीत यावे म्हणून पावाचा चुरा सोडला जातो. आणि पाहुण्याने घाबरून पाय झाडले, की वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढणाऱ्या प्रवाळाच्या गोलावर नेमकी टाच बसते. वर होड्यांचे नांगर आहेतच. त्यातच पाणी तापले की प्रवाळ आपल्या देहातील शेवाळ गमावून पांढरे पडतात. हे विरंजन मालवणातही नोंदले गेले आहे. तापत्या समुद्राला मालवणचा मनुष्य काय करणार? परंतु टाच आणि नांगर त्याच्या हातातले आहेत.

आणि त्याला राखणदारी येत नाही असे म्हणण्याची सोय नाही. पर्ससीनच्या अवाढव्य जाळ्यांविरुद्ध रापणकरांनी आणि छोट्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे तंटा केला, तेव्हा कुठे ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासकीय आदेशाने त्या मासेमारीवर निर्बंध आले. किनाऱ्यालगतचे पाणी राखावे म्हणून जो स्वतःहून रस्त्यावर उतरतो, त्यालाच अभयारण्याच्या कारभारात परका ठेवण्यात कोणते शहाणपण आहे, हे मला उमगलेले नाही. गाभ्यात दिवसाला किती होड्या सोडाव्यात, नांगराऐवजी दोर बांधण्याची कायमची ठिकाणे कुठे असावीत, पाव टाकणाऱ्याला काय दंड व्हावा, याचा निवाडा मच्छीमार आणि स्कूबाचालक यांच्या संयुक्त मंडळाकडे द्यावा, आणि पाहुण्यांकडून घेतलेल्या शुल्काचा हिस्साही त्याच मंडळाच्या तिजोरीत पडावा.