कान आकाशाकडे, पाय जमिनीवर

तुमच्या डोक्यावरून आत्ता, हे वाचत असतानाच, किती गप्पा चालल्यात माहितीये? विमानं आपला पत्ता सांगत चाललीत. समुद्रातली जहाजं आपलं नाव आणि वेग कळवतायत. चारेकशे किलोमीटर उंचीवरून अंतराळ स्थानक दर दीड तासाला पृथ्वीला एक फेरी मारतंय. हे सगळं रेडिओ लहरींवर चालतं आणि त्या लहरी तुमच्या खोलीतूनही जातात. ऐकायला फक्त कान हवेत. तो कान म्हणजे रेडिओ स्कॅनर.

पूर्वी हा महागडा नाद होता. २०१२ च्या सुमारास काही उद्योगी मंडळींच्या लक्षात आलं, की लॅपटॉपवर टीव्ही बघायला मिळणारा स्वस्तातला यूएसबी डोंगल टीव्हीशिवाय बरंच काही पकडू शकतो. त्यातल्या आरटीएल२८३२यू या चिपवरून त्याचं नाव पडलं आरटीएल-एसडीआर. साधारण २४ मेगाहर्ट्‌झपासून १७०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा हा पेनड्राइव्हएवढा तुकडा ऐकतो. बाकीचं काम लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर करतं.

पण लगेच ऑर्डर टाकू नका. आधी फुकट ऐकून बघा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने आपला रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. ब्राउझर उघडायचा, माउसने फ्रिक्वेन्सी फिरवायची आणि युरोपातले हौशी रेडिओवाले काय बोलतात ते ऐकायचं. आठवडाभर हे करूनही कंटाळा आला नाही, तर समजा किडा चावला. मग खर्च करा.

आता जरा नावडता विषय. कायदा.

आपल्याकडे रेडिओ यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून परवान्याचा विषय आहे. घरच्या साध्या रेडिओसाठीसुद्धा एकेकाळी पोस्टात वर्षाची फी भरावी लागायची, आजोबांना विचारून बघा. तो प्रकार गेला. पण २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याचा संदेश बेकायदा मधेच पकडण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. म्हणजे पोलिसांचा वायरलेस, लष्कर, विमानतळाचा नियंत्रण कक्ष, कुणाचा फोन यांच्या वाटेला जायचं नाही. चुकून काही कानावर पडलं तर पुढे सरका. रेकॉर्ड करून रील टाकायचा मोह तर अजिबात नको. ‘अमेरिकेतला यूट्यूबर तर बिनधास्त ऐकतो’ हा बचाव इथे चालत नाही, तिथला कायदा वेगळा.

दुसरी गोष्ट, रिसीव्हर आणि वॉकीटॉकी यात गल्लत करू नका. डोंगल फक्त ऐकतो. ऑनलाइन दिसणारे स्वस्त चिनी हँडसेट बोलतातही, आणि परवान्याशिवाय त्यांचं बटण दाबणं हा थेट गुन्हा.

मग सरळ रस्ता कुठला? हॅम परवाना. वय वर्षं १२ पूर्ण असलं की परीक्षा देता येते. दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज करायचा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही. परवाना मिळाला की स्वतःचा कॉलसाइन मिळतो, यंत्र हक्काने ठेवता येतं आणि उत्तरही देता येतं. २००४ च्या सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा तिथून निरोप बाहेर पोचवणारे हॅमच होते. तुमच्या शहरात हॅम क्लब असेल तर खरेदीआधी तिथे एक चक्कर मारा. कागदपत्रांपासून कुठला डोंगल नकली, इथपर्यंत सगळं तिथे कळतं.

आता गच्ची. खरा धोका इथे आहे, आणि नेमकं त्याबद्दल कुणी बोलत नाही.

अँटेना जितकी उंच तितकं चांगलं ऐकू येतं, म्हणून सगळे गच्चीकडे धावतात. हातात लांब धातूची दांडी आणि बाजूने गेलेली ११ केव्हीची लाइन, हे समीकरण जीवघेणं आहे. साधा नियम ठेवा. अँटेना आडवी पडली तर कुठवर पोचेल ते मोजा आणि वीजतारा त्याच्या दीडपट अंतराच्याही पलीकडे असतील तरच ती जागा घ्या. एकट्याने वर चढायचं नाही. पावसात किंवा संध्याकाळच्या अंधारात तर नाहीच. कठडा नसलेल्या टाकीवर चढण्यापेक्षा बाल्कनीत निम्मं ऐकू आलेलं परवडलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा. नाहीतर ‘ही कसली तार?’ म्हणून तिसऱ्या दिवशी कुणीतरी ती कापून ठेवतं. आणि इमारतीच्या वीजरोधकाला अँटेना बांधायचं तर नावही काढू नका.

वीज कोसळण्याचं काय? एप्रिल-मेमधला वळीव आणि परतीचा पाऊस, हे आपल्याकडचे वाईट दिवस. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ हे अ‍ॅप आसपास वीज पडतेय का ते सांगतं, ते फोनमध्ये ठेवा. ढग दाटताना दिसले की अँटेनाची वायर डोंगलमधून काढा आणि खिडकीबाहेर ठेवा. गडगडाट सुरू झाला असेल तर मात्र वायरला हातच लावू नका, उशीर झालेला असतो. सरळ नियम करून टाका, ऐकणं संपलं की वायर काढायची. बाहेर कायमची अँटेना बसवायची असेल तर अर्थिंगचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, तिथे जुगाड नको. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत आत येणार नाही.

लॅपटॉपवरही एक सापळा आहे. विंडोजमध्ये डोंगलचा ड्रायव्हर ‘झाडिग’ नावाच्या छोट्या प्रोग्रामने बदलावा लागतो. तिथल्या यादीत ‘बल्क-इन, इंटरफेस झीरो’ असं लिहिलेलं आहे तेच निवडा. घाईत भलत्यावर क्लिक केलंत तर माउस नाहीतर कीबोर्ड गप्प होईल. सॉफ्टवेअर मूळ साइटवरूनच घ्या. हेडफोन लावण्याआधी आवाज कमी करा, फ्रिक्वेन्सी बदलताना येणारी खरखर कानाला झटका देते. आणि सगळीकडे नुसतीच खरखर ऐकू आली तर डोंगलला दोष देण्याआधी खोलीतला स्वस्त एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जर बंद करून बघा. बऱ्याचदा चोर तिथेच असतो.

सुरुवात एफएमवर करा. ओळखीचं स्टेशन स्वच्छ लागलं म्हणजे जोडणी बरोबर. मग वर जा. हवामान उपग्रहांचे फोटो उतरवायचे असतील तर जुने व्हिडिओ बघून नोआचे उपग्रह शोधत बसू नका, १५, १८ आणि १९ हे तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले. रशियाचे मेटिऑर आहेत, १३७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. त्यासाठी अँटेना घरीच होते. प्रत्येकी ५३ सेंटिमीटरच्या दोन दांड्या, मधे १२० अंशांचा कोन, आणि हे इंग्रजी व्ही अक्षर जमिनीला समांतर. एवढंच.

अंतराळ स्थानकासाठी १४५.८०० मेगाहर्ट्‌झ. २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले ते हॅम रेडिओवरूनच. स्थानक तिथे रोज बोलत नाही, तेव्हा आधी वेळापत्रक बघा. एक फेरी जेमतेम दहा मिनिटांची. स्थानक जवळ येताना फ्रिक्वेन्सी किंचित वर आणि लांब जाताना किंचित खाली सरकते, अगदी रेल्वेच्या भोंग्यासारखी. तेवढा माउस हलवत राहा.